कंसात

मार्च संपत आला की आमच्या सभागृहात
पंखे आधी तापतात, मग माणसं.
महापौरांच्या खुर्चीखालच्या टेबलाशी बसून
बावीस वर्षं मी इतिवृत्त लिहिते.
भाषणं लिहायची नसतात, चर्चेचा सारांश लिहायचा.
आरडाओरडा झाला तर एकच शब्द, कंसात:
(गोंधळ).
एकदा माईक फेकला होता कुणी,
तोही त्याच शब्दात मावला.

आज विषय क्रमांक सात.
शहरानं किती कर्ज काढावं याची रेघ
दीडशे कोटींवरून अडीचशेवर न्यायची,
नाहीतर घरफाळा वाढवायचा,
नाहीतर के.एम.टी.च्या चौदा बस गॅरेजातच ठेवायच्या.
‘नाहीतर’ एवढ्या वेळा लिहिलाय
की पेन आता माझ्या आधी तिथं पोचतं.

दस्तगीर मुल्लाणी उठले. शांत माणूस,
त्यांच्या शांतपणाचीच सगळ्यांना धास्ती.
म्हणाले, “राजाराम बंधाऱ्यावर पट्टी रंगवल्याली हाय.
एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका.
उद्या ठराव करून धोका पन्नासवर न्या,
पाणी काय ठरावाची प्रत मागणार हाय?”
बाकं वाजली.

तेवढ्यात इंदुमती कारंडे, उठल्यासुद्धा नाहीत:
“व्हय की. पण पाणी दारात आल्यावर
नाव आणायची कुणाच्या पैशानं?
आमच्या शुक्रवारात त्या वर्षी
पट्टी वाचत कोण बसलं नव्हतं मुल्लाणीसाहेब,
माणसं काढत होतो.”
बाकं पुन्हा वाजली.
तीच बाकं. काही हातही तेच.

दोन्ही खरं.
सारांशात दोन्ही खरं लिहायची सोय नाही.
‘सदस्यांनी उलटसुलट मते मांडली’
असं लिहायची पद्धत आहे. लिहिलं.

सव्वाआठला चिल्यांनी यादी काढली.
“कर्ज कशाला पायजे? ही थकबाकी वसूल करा!”
दोन मंगल कार्यालयं, एक पेट्रोल पंप,
एका सदस्याचा मेहुणा.
(गोंधळ).
मग पक्षपात नको म्हणून
शेवटच्या पानावरची लहान नावं:
“उत्तरेश्वर पेठ, कै. शंकर नाना पोवार,
तेवीस हजार सातशे चाळीस.”

माझे सासरे.
जाऊन नऊ वर्षं झाली, घर अजून त्यांच्याच नावावर.
थोरले दीर म्हणतात, वरचा मजला धाकट्यानं चढवला, फाळा त्यानं भरावा.
धाकटे म्हणतात, नळ कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा.
आमचे हे म्हणतात, बघू.
नियम असा की रक्कम आकड्यात आणि अक्षरी लिहायची.
मी दोन्ही लिहिली.
कुणी माझ्याकडं बघितलं नाही,
चिल्यांनीसुद्धा नाही,
त्यांना ठाऊकच नाही मी पोवारांची.

साडेदहाला मतदान. एकोणचाळीस, एकोणचाळीस.
महापौर दोन घोट पाणी प्याले आणि म्हणाले,
विषय पुढील सभेकडे.

बाहेर आले तर मुल्लाणींच्या स्कूटरवर
मागं कारंडेबाई, पदर खोचून,
वळणावरसुद्धा त्यांचं चाललेलंच:
“पण साहेब, व्याजाचं काय बोलताय तुम्ही?”
“व्याजाचंच तर बोलतोय की ओ!”

बस आली नाही. चालत निघाले.
गंगावेशीत म्हशी उभ्या, चरवीत धारा पडत होत्या,
आणि एक गिऱ्हाईक ग्लास दिव्याकडं धरून भांडत होतं:
“रेघंवर फेस हाय मामा, दूध खाली हाय.”
मामा म्हणाले, “जरा दम धरा, फेस बसंल.”
“मग रेघंपर्यंत भरून द्याल न्हवं?”
मामा पुढच्या म्हशीकडं वळले.

आज पक्की प्रत करायला बसलेय.
यादीतली नावं सारांशात घेत नाहीत,
‘थकबाकीबाबत माहिती दिली’ एवढं पुरतं.
खोडायला हरकत नव्हती.
मी ते नाव ठेवलं,
आकड्यात, अक्षरी,
आणि कंसाच्या बाहेर.