अंक एक्केचाळीस, क्रमशः

शर्वाणीने टेबलावर दोन फायली ठेवल्या,
एक जाड, एक कोरी.
म्हापशात शुक्रवारची दुपार,
खाली बाजारात मिरच्यांचा, सुक्या बांगड्यांचा वास,
वर छापखान्याचा कुरकुरता पंखा, आणि तिचा प्रश्न:
"भरतीवीर परत आणायचा, की नवाच कुणी काढायचा?
तुम्ही सांगा काका. हात तुमचा होता."

हात माझा होता, खरं आहे.
बारा वर्षं, चाळीस अंक, आणि एक अर्धवट.
भरतीला त्याच्या अंगात दहा बार्जींचं बळ,
ओहोटीला साधा माणूस,
चिखलात चप्पल रुतलेला.
मुलांना ओहोटीची पानंच जास्त आवडायची,
हे वितरकांना कधी कळलं नाही.

वितरक म्हणतो, नाव जुनं हवं,
जुन्या नावाला गिऱ्हाईक असतं, बाप पोरांना घेऊन देतात.
शर्वाणीची भाची म्हणते, तो म्हातारा कशाला,
मुलगी काढा, डिचोलीकडची,
खाणीच्या लाल धुळीतून उठणारी.
मला दोघांचंही पटतं. हीच पंचाईत.

आमच्या गावच्या काल्यात
संकासूर दरवर्षी तोच येतो,
सोंग तेच, चाल तीच,
कुणी म्हणत नाही, यंदा नवा आणा.
आतला माणूस मात्र बदलतो.
परवाच्या जत्रेत वीज खात्यातला होता
आणि त्याला हसू आवरत नव्हतं.

भरतीवीराचं तोंड मी चोडणच्या फेरीवरून उचललेलं.
कायतान दोर फेकायचा,
आणि दोर हवेत असतानाच वळून विडी पेटवायचा.
इतका विश्वास.
मी ते वळणं काढलं, वर मुखवटा चढवला.
पहिला अंक दाखवला तेव्हा म्हणाला,
"म्हजें नाक इतलें व्हड ना रे!"
आणि दहा प्रती घेतल्या.
कायतान गेला त्याला नऊ पावसाळे झाले.
म्हणजे भरतीवीर आणायचा तर
मला एका मेलेल्या माणसाचं नाक काढायचं आहे.

आणि नवा?
नवं सोपं असतं असं लोकांना वाटतं.
नव्याला आई द्यावी लागते, चालण्याची ढब,
तो कशाला भितो ते.
घाईत काढलेला नवा वीर
म्हणजे जुनाच, भांग उलटा पाडलेला.

पण शर्वाणी, यात कशातच माझं अडत नाही.
अडतं त्या एक्केचाळिसाव्या अंकात.
शेवटच्या चौकटीत तो मांडवीच्या तळाशी,
बुडालेल्या बार्जीखाली पाय अडकलेला,
वर ओहोटी लागलेली,
कोपऱ्यात तुझ्या बाबांच्या अक्षरात: क्रमशः.
मग कागद महागला,
मग बाबांचं ते दुखणं,
आणि तेहतीस वर्षं तो खाली आहे.

परवा मासळी बाजारात एका टक्कल पडलेल्या गृहस्थाने
माझी बाही धरली: "तो सुटला का हो?"
पिशवीत विसवण,
तोंडावर आठवीतला पोर.
मी म्हटलं, बघतो.

पुनरुज्जीवन वगैरे मोठे शब्द झाले.
आधी माणूस बाहेर काढू,
मग ठरवू जुना की नवा.

रात्री कागद ताणला. शाई घट्ट झालेली, पाणी घातलं.
काढला त्याला: पिकलेला, एक गुडघा गेलेला,
मुखवटा कधीचा वाहून गेलेला,
नाक कायतानचंच,
धक्क्याकडे हात मारत येताना.
धक्क्यावर हल्ली जो पोर असतो,
ओडिशाहून आलेला, नाव विचारायचं राहिलंय,
त्याने दोर फेकलाय.
दोर हवेत आहे. पोर टक लावून बघतोय,
वळून विडी पेटवण्याइतका विश्वास अजून नाही.
"कोण तुम्ही?" तो विचारतो.

उत्तराचा फुगा मी आखला
आणि रिकामा ठेवला.
शब्द मी कधीच भरले नाहीत,
ते तुझ्या बाबांचं काम.
सकाळी पान पाठवतो.
आधी पेन्सिलीने भर.