डावं-उजवं

रोव्हानिएमीच्या शोरूमबाहेर उणे एकोणीस.
दुपारचे दोन वाजले आणि उजेडानं शटर ओढून घेतलं.
आत तीन गाड्या, मध्यम आकाराच्या,
पुढून तिघी सारख्याच रागावलेल्या,
जणू एकाच शाळेच्या एकामागून एक आलेल्या मुख्याध्यापिका.

इल्पोनं तक्ता केलाय. अकरा रकाने.
डिकी किती लिटरची, पोट जमिनीपासून किती उंच,
थंडीत शंभर किलोमीटरला किती पिते,
पाच वर्षांनी विकली तर हातात काय उरतं.
उजवी ती हिरवी, डावी ती लाल.
तीन आठवडे, जेवणं झाली की
या तिघी आमच्या टेबलाशी येऊन बसतात.
तिघींची वजनं मला पाठ आहेत.
माझं मी दोन वर्षांत पाहिलेलं नाही.

मी आणलीय शिवणाची टेप
आणि एमिलची स्की.
निळीत ती तिरकी घातली तर मावते,
करडीत मागची सीट पाडावी लागते,
पांढरीत स्की मावते, पण मग कुत्री मावत नाही.
कुत्री घरी होती, म्हणून तिच्या जागी
व्हेन्लाला डिकीत बसवून पाहिलं.
व्हेन्ला तेरा वर्षांची आहे.
हे ती मला माझ्या म्हातारपणी ऐकवणार.

विक्रेता आर्तुरी, शब्दांत काटकसर करणारा.
"ही चांगली आहे," निळीकडे बघत म्हणाला.
बराच वेळ गेला.
"हीसुद्धा."
मला तो आवडला.

चालवून पाहिल्या.
करडीचं स्टिअरिंग नुकत्या भाजलेल्या पावासारखं ऊबदार,
सोडवेना.
पांढरी नदीकाठच्या वळणावर
क्षणभर आपल्याच विचारात गेली, मग आली परत.
निळीनं तक्रारीला जागाच ठेवली नाही,
आणि तेच मला जरा खुपलं.

बाहेर आमची जुनी उभी होती,
तीन लाख बारा हजार किलोमीटर,
डाव्या दारावर एका रेनडिअरनं दिलेला पोचा,
जाळीतून हीटरची वायर लोंबतेय.
बदल्यात तिचे चारशे युरो मिळतील, आर्तुरी म्हणाला.
मी उगाच दार लोटून घेतलं,
तिला ऐकू जाऊ नये म्हणून.

सासरे एवढा वेळ खुर्चीवर, टोपी गुडघ्यावर.
ऑइवा. अडतीस वर्षं लाकडाचा ट्रक चालवला.
आता सोमवार, बुधवार, शुक्रवार
केमियार्वीहून इथल्या इस्पितळात,
रक्त धुऊन घ्यायला पंचाऐंशी किलोमीटर,
धुतलेलं रक्त घेऊन परत पंचाऐंशी.
पुढे बसत नाहीत.
पुढे बसलं की उजवा पाय ब्रेक शोधत राहतो
आणि घरी पोचेस्तोवर पोटरीत गोळा येतो.

ते उठले. कुणी बोलावलं नव्हतं.
निळीत मागे बसले, थोडा वेळ. उतरले.
करडीत बसले. उतरले.
पांढरीत बसले ते बसलेच.
आम्ही विम्याचं बोलत होतो,
मग बोलायचे थांबलो.

"इथून रस्ता दिसतो," ते म्हणाले.

पांढरी, तक्त्यात सगळ्यांत लाल.
इल्पोनं लॅपटॉप उघडला, बारावा रकाना आखला,
वर काय लिहावं ते त्याला सुचेना.
चौकटीत कर्सर लुकलुकत राहिला.
मला आठवलं, मागच्या शुक्रवारी
सगळी वाट ते पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत होते
आणि मी समजत होते, दमलेत.

आर्तुरी पलीकडच्या दारानं आत शिरला,
त्यांच्या शेजारी बसला, दोन सीटांच्या फटीतून
शोरूमच्या काचेकडे, काचेपलीकडच्या अंधाराकडे
नीट बघितलं.
"दिसतो," म्हणाला.

"आणि कुत्रीचं काय?" व्हेन्लानं विचारलं.
खरंच होतं ते.
मी टेप पुन्हा बाहेर काढली
आणि डिकीत वाकले.