कलम सातवे

इसहाक परकार आले तेव्हा सर्व्हर बंद होता,
म्हणून एवढं ऐकायला वेळ मिळाला.
मरोळची खोली, दहा बाय बारा, पोटमाळ्यासह,
मुलीच्या नावे करायची. बक्षीसपत्र.
मी नेहमीचा मसुदा उघडला. चतुःसीमा बदलल्या:
पूर्वेस गटार, पश्चिमेस पिठाची गिरणी.
सहा कलमं झाली. ते म्हणाले, अजून एक घाला.
ही जागा कुणी विकू नये,
भाड्याने देऊ नये, गहाण ठेवू नये,
आणि जो ठेवेल त्याच्यावर

त्याच्यावर काय, चाचा?

शाप, ते म्हणाले. हळूच, खिडकीतला शिपाई ऐकेल म्हणून.
मी म्हटलं, शापाला मुद्रांक शुल्क नाही,
त्यामुळे तो नोंदवता येत नाही.

मग त्यांनी सांगितलं.
अठरा वर्षं सौदीत गाडी चालवली,
शेवटची दोन मोजणीवाल्या पथकाची.
वाळूत एकटाच उभा खडक, चार मजली चाळीएवढा,
त्याच्या तोंडावर दार कोरलेलं, खांब,
आणि माथ्यावर दोन जिने, जे कुठेच चढत नाहीत.
वरून खाली कोरत आले होते.
आधी माथा, मग पोट. पाय राहिलेच.
गुडघ्याखाली छिन्नीचे घाव उघडे,
कारागीर चहाला गेला असावा तसे.

तिथे रेंगाळू नये म्हणतात आमच्यात,
भरभर निघावं, डोळ्यांत पाणी आणून.
मी इंजिन चालूच ठेवायचो.
एकदाच आत गेलो एका थडग्यात, पावलं मोजली.
माझ्या खोलीएवढंच हो. पोटमाळा नाही.
दारावर ओळी होत्या, पथकातली मुलगी वाचायची:
हे अमकीचं, तिच्या मुलींचं, त्यांच्या मुलांचं,
विकणाऱ्याला शाप, गहाण ठेवणाऱ्याला दंड,
आणि सगळ्यात शेवटी, कोरणाऱ्याचं नाव.
आत कोण होतं?
थोडी वाळू. एक प्लास्टिकची बाटली, ती आमचीच.

रविवारी मी त्यांना कोंडिविट्याला नेलं.
अंधेरीत चाळीस वर्षं, आणि लेणी पाहिली नव्हती.
खाली रिक्षा थांबवून ठेवली, मीटर चालू.
खडक ठिसूळ, खडीच्या लाडूसारखा,
बोट लावलं तरी चुरा.
आत गोल झोपडी, दगडाचीच, जाळीच्या खिडक्या,
आणि अंधारात बसलेला स्तूप.
बाहेर कोरलेल्या ओळीपाशी ते थबकले.
इथे शाप आहे?
नाही. कुणीतरी भावासोबत दान दिलंय, एवढंच.
बरंय, ते म्हणाले. दिलं की सुटलं.
वरून विमान गेलं, चाकं बाहेर काढलेलं,
आणि त्या आवाजातच ते सकीनाचं बोलले,
मला अर्धंच ऐकू आलं:
कब्रस्तानात जागा कुठंय, ताई,
चार वर्षांनी गेलो तर तिच्या मातीवर
दुसऱ्याची माती. ओली.
एक पोरगा उभा होता, विशीतला, हातात उदबत्त्या.
मी काही बोललो नाही त्याला.
दोघांसाठी फातिहा वाचला, वेळ थोडा जास्त लागला.

नंतर ते उतरून खाली गेले.
मला वाटलं, निघाले.
तर रिक्षावाल्याला पैसे देऊन, धापा टाकत
परत वर आले आणि पायरीवर टेकले.
त्याला जाऊ दिलं, म्हणाले.
बराच वेळ आम्ही कंपन्यांच्या काचांवरचं ऊन बघत राहिलो.

सोमवारी सर्व्हर चालू होता.
सातव्या कलमात मी टाइप केलं:
सदर मिळकत आहे त्या स्थितीत दिली आहे.
हे वाक्य मी रोज टाइप करते.
आणि मसुदा करणाराचा रकाना,
जो मी कायम कोरा सोडते,
त्यात या वेळी नाव लिहिलं,
जरा लहान अक्षरात, अगदी तळाशी.