अर्धचंद्र

दोन मीटर दोरी, टोकाला खुंटी.
खुंटीभोवती देलू फिरते, अर्धीच,
मागे लाल मातीवर रेघ उमटते
आणि रेघेवर बायका कुदळी घालतात.
पहिला घाव वाजतो. जमीन कसली, तवाच.
आलं तेवढं पाणी तिच्यावरून घसरलं
नाल्यात, आणि नाल्यातून कुठे, कोणास ठाऊक.

गावाचं नाव गिदान काला.
झिंदर इथून दिवसभराच्या वाटेवर,
वाळवंट त्याहून जवळ आणि दरवर्षी थोडं अलीकडे.

आम्ही आलो होतो चार देशांतून.
रॉटरडॅमचा वाउटर, ज्याच्या पूर्वजांनी समुद्र मागे रेटला
आणि ज्याला इथे पाणी बोलवायला पाठवलंय.
बुर्किना फासोचा रासमाने
(नाव ऐकून वाटलं, आपल्यातलाच कुणी माने),
ज्याच्या आजोबांनी खडकाळ रानात वीत-वीत खड्डे घेतले,
खड्ड्यांत मूठ-मूठ शेण घातलं आणि बाजरी उठवली.
कागदावर तो स्थानिक तज्ज्ञ. त्याचा भत्ता वाउटरच्या निम्मा,
हे दोघांनाही माहीत आहे, दोघेही एकाच ताटात जेवतात.
आणि मी, पातळी मोजायची नळी गळ्यात अडकवून.

राजधानीत गार खोलीत नकाशा भिंतीवर पडला होता.
एका रकान्यात लिहिलं होतं: लाभार्थी.
देलू एकेचाळिसावी.

दुपारी सावलीला बसलो तेव्हा तिनं विचारलं,
तुमच्याकडे काय म्हणतात याला?
आमच्या हाउसात राबिन वाता.
अर्धं ते राबिन, चंद्र तो वाता.
माझ्या कानांनी ऐकलं: राबीन. वाटा.
परक्या मुलखात दोन शब्द
असे येऊन शेजारी बसले.

मी म्हटलं, अर्धचंद्र.
छान आहे, ती म्हणाली. मग त्याचं काय करता?

आता काय सांगू?
आमच्याकडे तो खणत नाहीत, आमच्याकडे तो देतात.
मानगुटीवर अंगठा इकडे, बोटं तिकडे,
आणि माणूस उंबऱ्याबाहेर.
हे मोडक्या हाउसात जमेना
म्हणून तिच्याच मानेवर हात ठेवून दाखवलं.

बायका इतक्या हसल्या की पाण्याचा डबा कलंडला.
मग टाबावा म्हणाली, अगं, हा तर आम्हाला मिळालाय.
माझ्या थोरल्याला मिळाला, तो त्रिपोलीत विटा वाहतो.
देलूच्या नवऱ्याला मिळाला.
हाऊवाच्या दोघांना एकाच साली.
पण मानेवर हात कुणाचा, ते काही दिसलं नाही.
कुठल्या गावची चूल एवढी पेटली
की आभाळ आमचं करपावं?

विनोद दुभाष्याकडून वाउटरपर्यंत उशिरा पोचला.
तो हसायला लागला तेव्हा सगळ्या गप्प होत्या.

रासमाने उठला, नव्या खड्ड्यात उतरला,
बांधाला पाठ टेकून पाय पसरून बसला.
तोंड चढाकडे, पाठ उताराला,
जसा खड्डा, तसा तो.
या, बसून बघा, म्हणाला. उठावंसं वाटत नाही.

एक-एक करून आम्ही बसलो.
वाउटर मावत नव्हता, त्याचे गुडघे बाहेर.

पैसे जूनपर्यंतचे. नंतरचं
एका दूरच्या शहरातली निवडणूक ठरवेल,
असं वाउटर कुदळीकडे बघत म्हणाला.
हे भाषांतर कुणी केलं नाही.

त्या रात्री शेळीनं दोरी चघळली.
सकाळी गाठ मारली, म्हणून शेवटच्या ओळीतले
सगळे चंद्र वीतभर लहान.
नोंदवहीत मी सारखेच लिहिले.

निघायच्या दिवशी देलू दिसली
पलीकडच्या उतारावर, जो नकाशात नाही.
खुंटी तिचीच, दोरी शेळीच्या गळ्यातली,
आणि शेळी मोकळी.
मजुरी कोण देणार, मी विचारलं नाही.
ती फिरत होती, अर्धीच,
आणि टाबावा कुदळ खांद्यावर टाकून
चढ चढत होती.