वरचे चार पैसे

झुंजुरका. अर्धयक्ष. चोर. पायरी सातवी.
फुलस्केप कागद, उभा दुमडलेला,
एकोणीसच्या पुरात वखारभागातल्या माळ्यावर होता.
पाणी माळ्यापर्यंत आलं नाही, ओल आली.
'प्राण' लिहिलेल्या चौकटीत आता
फक्त एक निळा ढग आहे.

रविवारी खेळ. चौघं येणार, सोळा वर्षांनी.
आज रात्रीत याला
जुन्या पुस्तकातून नव्यात आणायचा.

जुन्यात चिलखताचा आकडा
जेवढा खाली तेवढा माणूस सुखरूप.
नव्यात उलटं, वर जाईल तसा.
विसातून वजा करायचं, एवढंच.
तीनचे सतरा.
सोपं आहे, तरी पेन थबकतं:
सतरा अंगावर घालून हा गडी
तितकाच भित्रा राहील का?

कुलूप उघडणे, शेकडा त्रेचाळीस.
नव्यात शेकडा नाहीच.
अर्धयक्षही नाही. यक्ष तरी व्हा
नाहीतर माणूस व्हा, मध्ये थांबायला जागा नाही.
सन्मती मगदूमला कळवलं तर म्हणाली,
आपल्यात कोण अख्खं आहे, लिही काहीतरी.

आमचे आजोबा हळदीच्या अडतीत दिवाणजी.
आणे जाऊन नवे पैसे आले त्या वर्षी
रोज रात्री वही घेऊन बसायचे म्हणे.
एका आण्याचे सहा.
पण सोळा आण्यांचे शहाण्णव होत नाहीत, शंभर होतात.
वरचे चार पैसे कुणाच्या खात्यावर मांडायचे
यावरून मालकाशी महिनाभर अबोला.

झुंजुरकाच्या हिशोबात वर उरतो
त्याचा डावा पाय.

दोन हजार आठ, मे महिना.
खणभागात अकीब शिकलगारच्या दुकानामागे,
धारेचं चाक थांबलं की आम्ही बसायचो.
वीस तोंडांचा फासा कपाटाखाली गेला.
सन्मतीनं झाडूनं ओढून काढला, जाळ्यासकट.
एक.
मी म्हटलं, कपाटाखालचं धरत नाहीत, परत टाक.
अकीब म्हणाला, पदरी पडलं, पवित्र झालं.
आणि सापळ्याचे दात
झुंजुरकाच्या घोट्यात बसले.

कागदाच्या समासात अकीबचं बारीक अक्षर:
'पाय. पावसाळ्यात दुखतो.'
याचा कुठल्या नियमाशी काही संबंध नव्हता.
पण आषाढ लागला की अकीब
एक घर कमी चालायचा,
कुणी न सांगता.

नव्या पुस्तकात मधल्या एका पानावर लिहिलंय,
रात्रभर नीट झोपलं की सगळं भरून येतं.
सगळं.

फोन लावला. मागे कात्रीवर चाक खरखरत होतं.
"अरे, नव्यात पाय बरा होतोय."
"कुणाचा?"
"झुंजुरकाचा."
चाक थांबलं.
"तुला कुणी सांगितलं बरा करायला?"
"मी नाही करत. नियम आहे. झोपला की बरा."
बराच वेळ काही नाही.
मग म्हणाला,
"मग झोपवू नको की लेका त्याला."
"आणि प्राण किती होते? पुसलंय."
"आठवत नाही. पुरायचे."

नव्या कागदाला समास नाही.
चौकटी थेट कडेपर्यंत छापल्यात,
जणू कुणाला मध्येच काही सुचणारच नाही.
कागद उलटा करतो, पाठीवर लिहितो:
झोपत नाही. बसून डुलक्या घेतो.
कारण विचारू नये.

मग परत पुढची बाजू.
सतरातून पायाचा एक वजा.
सोळा.
आजोबांना आवडला असता आकडा.

'प्राण' ही चौकट
रविवारपर्यंत कोरी ठेवलीय.