बंदर बंद

मी बोट चालवतो, एवढंच.
चिलोएहून आमच्या बेटापर्यंत दीड तास,
वारा उत्तरेचा नसेल तर.
डिझेलचे कॅन, पिठाची पोती, शाळेची पुस्तकं,
एखाद्या वेळी रिकामी शवपेटी,
आणि महिन्याच्या पहिल्या बुधवारी
मनाची डॉक्टरीण.
डॉक्टरीण म्हटलेलं तिला चालत नाही.
ती म्हणते, मी मानसशास्त्रज्ञ.
एवढा लांब शब्द आमच्या धक्क्यावर मावत नाही.

आरोग्य केंद्रात तिला खोली दिलीय
लसींच्या फ्रिजशेजारी.
फ्रिज घुरघुरत राहतो,
त्यामुळे आतलं बाहेर ऐकू येत नाही.
हे कुणी ठरवून केलेलं नाही.

एदुविनाच्या दुकानात कागद लागला,
खाली कात्रीने पाडलेल्या दहा झिरमिळ्या,
प्रत्येकीवर एकच नंबर.
ज्याला हवा त्याने एक तोडून न्यावी.
तीन महिने दहाच्या दहा तशाच लोंबत होत्या,
दार उघडलं की वाऱ्याने हलायच्या.
कोण तोडणार?
यीस्ट मागायला चार माणसं उभी
आणि बेट असं, की इकडे शिंकलं तर
पल्याडच्या टेकडीवरून कुणीतरी 'सालूद' म्हणतं.

मग एका सकाळी दोन गायब.
आठवड्याभरात आणखी तीन.
एदुविनाने मला पुढे कधीतरी सांगितलं,
पाव कागदात गुंडाळता गुंडाळता,
माझ्याकडे न बघता:
पहिल्या दोन मीच तोडल्या. चुलीत घातल्या.
पहिलं व्हायचं नसतं रे कुणाला.

आता बुधवारी धक्क्यावर गर्दी असते
आणि डॉक्टरिणीसाठी आलेलं कुणीच नसतं.
मिरेया मास्तरीण रक्तदाब मोजायला येते.
नोल्बेर्तो बटाट्यांचं पोतं घेऊन येतो,
बाईंना द्यायचंय म्हणतो,
आणि पाऊण तास बटाटे देतो.

रोसामेल पाणबुड्या चार वेळा आला.
त्याचा भाऊ खाली शिंपले काढत होता
आणि वर होडीत कॉम्प्रेसर बंद पडला,
हे सगळ्यांना माहीत आहे.
कॉम्प्रेसरपाशी कोण बसलं होतं, तेही.
चार वेळा त्याने माझा दोर खुंटाला बांधला
आणि खिशात हात घालून चढावरून परत गेला.
पाचव्या वेळी बाईंची बॅग उचलली.
जड आहे म्हणाला. नव्हती.
दारापर्यंत नेली. दारात थांबला.
बॅग आत ठेवायला तर आत जावंच लागतं.

सहा जण, प्रत्येकी पाऊण तास.
त्यानंतर मला निघायला हवं, उजेड संपतो.
सातव्याने पुढचा महिना धरायचा.
बुडणाऱ्याला तारीख देतात आमच्याकडे.
आणि त्या तारखेला पहाटे
रेडिओवर नौदलाचा पोरगा झोपेतल्या आवाजात सांगतो,
बंदर बंद.
वारा विचारत नाही, कोण कितव्या नंबरावर आहे.

जुलैत तसंच झालं, आणि ऑगस्टमध्ये पुन्हा.
बाईंना कळवायचं काम माझं.
नंबर दुकानातून आणावा लागला नाही.
माझ्या टोपीच्या अस्तरात एक झिरमिळी आहे,
मार्चपासून. का, ते विचारू नका.
मिठाने आकडे पुसट झालेत,
पण पाठ आहेत.

चूल पेटली होती, ओलं लाकूड फुसफुसत होतं.
म्हटलं, बाई, आज बोट नाही.
बरं, म्हणाल्या. सगळ्यांना सांगाल?
सांगतो.
रोसामेलला आधी सांगा.
त्याला आधी सांगतो.

यापुढे कामाचं काही उरलं नव्हतं.
छपरावर वारा लाकडी फळ्या उचकटत होता,
त्यांच्या बाजूलाही कुठेतरी खिडकी आपटत होती.
मी फोन ठेवला नाही.
त्यांनीही नाही.