लाभ, दोन, तीन

सुकटीच्या वाळवणात सापडला, म्हणून सुकट.
चौदा वर्षांपूर्वी, जेटीच्या मागे,
पोट फुटेस्तोवर खाऊन उताणा पडलेला.
वाळवणवालीने टोपली फेकून मारली.
ती टोपली आणि कुत्रा, दोन्ही मी घरी आणले.

आता तोंडावरचे केस मिठासारखे झालेत.
पहाटे साडेतीनला, खाडीला ओहोटी असताना,
तो माझ्याकडे बघतो
आणि मी त्याला दिसत नाही.
मग मागचे पाय ताठ.
मग नखं फरशीवर,
सुपाऱ्यांची रास कोणी ढवळावी तसा आवाज.

पहिल्या वेळी मी त्याच्या तोंडात हात घातला.
घालायचा नसतो.
उजव्या अंगठ्याखाली चार खळगे अजून आहेत.
आता ठाऊक आहे: विळी उचलायची,
कळशी लांब सरकवायची,
डोक्याखाली गोधडी,
दिवा लावायचा नाही,
नाव घेऊन हाक मारायची नाही,
आणि मोजायचं.

मोजणं मला येतं.
एकतीस वर्षं लिलावात टोपल्या मोजल्या.
पहिल्या टोपलीला एक म्हणायचं नसतं.
लाभ, दोन, तीन.
अंधारात तोंडातून तेच येतं.
लाभ, जबडा आपटतो.
दोन, फेस.
चाळिसाला तो मुतून जातो,
गोधडीवर, माझ्या मांडीवर, कोमट.
नव्वदला माझाच श्वास राहून जातो.
एकशे दहाला एक पाय थांबतो, मग दुसरा.
यंत्र बंद केल्यावरही होडी थोडी पुढे जाते,
तशी शेपटी.

शाळेच्या वहीत लिहून ठेवते:
तारीख, वेळ, किती मोजले, भरती की ओहोटी.
शेवटचा रकाना माझा, डॉक्टरांनी सांगितलेला नाही.
खवणेकर डॉक्टर गुरुवारी देवगडहून येतात,
वही चाळतात, म्हणतात,
समुद्राचा काही संबंध नाही, बाई.
नसेल.
तरी रकाना आखते.

येसूबाय कुंपणावरून सांगते,
"चप्पल हुंगय गे तेका. नायतर कांदो फोड.
आमच्या थोरल्या दिराक असेच झटके येयत."
मग काय झालं?
"काय जातला? इहिरीर गेलो, तो परत इलो नाय."

लेक मस्कतहून म्हणते, आई, झोपव त्याला आता.
झोपव.
हाच शब्द. पाळण्याची दोरी
पायाच्या अंगठ्याला बांधून
मी जाळं विणत बसायचे, आणि हिला झोपवायचे.
तो झोपलाच आहे गं, मी सांगते.
तो झोपलेला नसतो.

झटक्यानंतर तो घरभर फिरतो,
भिंतीला खांदा लावून, डावीकडून डावीकडे.
कपाटाच्या फटीत शिरतो
आणि मागे कसं यायचं ते विसरतो.
माझ्यावर गुरगुरतो.
मी बोलत नाही. ओलं पातळ न बदलता
चुलीपाशी बसून राहते.
कधी अर्धा तास, कधी भाताची पेज होईपर्यंत.
मग नाक हलतं.
आधी गोधडी, मग पातळ,
मग अंगठ्याखालचे चार खळगे.
ते तो फार वेळ हुंगतो,
हे कोणी केलं, असं विचारल्यासारखा.

सकाळी सात. अर्धी गोळी
बांगड्याच्या तुकड्यात दाबून, काटे काढून.
तो सगळा बांगडा खातो
आणि गोळी फरशीवर ठेवतो,
चाटून स्वच्छ, पांढरी.

मेल्या, म्हणते मी,
आणि जीभ चावते,
आणि दुसरा तुकडा काढते.